फाटकाबाहेरचा रस्ता

बाल्केर्न,
सोमवार, १४ जून १८७५

लाडक्या एफीस ग्रिझेल आत्याचे आशीर्वाद.

रॉब आणि छोटी एल्स्पेथ बरी असतील. माझे गुडघे दुखतात, पण ते काही नवीन नाही.

तुझ्या बापानं मात्र जीव नकोसा केलाय. गावाला एवढी मोठी बाग दिली, बँड वाजला, नगराध्यक्षांनी भाषण झोडलं. आणि दानपत्रातच साहेबांची अट: रविवारी फाटक बंद. देवाचा वार! अगं, तागाच्या गिरणीतल्या माणसांना सुट्टी असते ती रविवारीच. मी म्हटलं, "अँड्र्यू, बाग काय बदकांना दिलीस?" तर म्हणे, "तू तुझे बटाटे सोल." तेही शनिवारी. रविवारी या घरात सुरी धरायची नाही, तुला ठाऊकच आहे.

मग परवा राखणदार डूगल मोठ्या ऐटीत सांगायला आला, "साहेब, तुमची लेक आली होती रविवारी. पोरीला गजांतून बदकं दाखवत होती. पण मी नाही उघडलं हो! नियम म्हणजे नियम." शाबासकी मिळेल असं वाटलं त्या शहाण्याला. तुझ्या बापाचा चेहराच उतरला. तसाच उठून नगरपालिकेत गेला, म्हणाला अट काढा. तर ते म्हणाले, "गुथ्रीसाहेब, तुमचीच सही आहे. शिवाय पाद्रीबुवा काय म्हणतील?" हात हलवत परत आला आणि राग काढला माझ्या सूपवर. खारट म्हणे!

हे लिहिणार नव्हते, पण काल तो चर्चला आलाच नाही. जन्मात पहिल्यांदा. प्रार्थना संपल्यावर शोधत गेले, तर बंद फाटकाबाहेर उभा, खिशात बदकांसाठी पावाचे तुकडे.

"कुणाची वाट बघतोयस?"

"कुणाची नाही. हवा खातोय."

आणि डोळे सगळे तुमच्या गिरणीच्या गल्लीकडे. मला रडूच फुटलं गं.

रॉबसारखा विणकर नवरा केलास म्हणून तो तुझा उंबरा ओलांडणार नाही, आणि तू त्याचा. विटले मी तुम्हा दोघांना! पण फाटकाबाहेरचा रस्ता ना त्याचा, ना तुझा. येत्या रविवारीही तो तिथंच असेल. एल्स्पेथला घेऊन ये. आपली नात कशी दिसते हेसुद्धा त्याला माहीत नाही.

पाव मी शनिवारीच कापून ठेवते. या वेळी जरा जास्त, दोघांना पुरेल एवढा.

तुम्हा दोघांच्या मध्ये पिचलेली,
ग्रिझेल आत्या