पाच महिने

प्रिय धाकट्या,

तुझा फोन दोनदा येऊन गेला, मी मुद्दामच उचलला नाही. बोलायला लागलो की आपलं भांडण होतं आणि भांडायला सध्या अंगात त्राण नाही. म्हणून नर्सरीत, जेवणाच्या सुट्टीत, खताच्या पोत्यावर बसून लिहितेय.

नाना बरे आहेत. तुझ्याकडून आले तेव्हा काय हाल होते म्हणून सांगू! तुझ्या घरी न्हाणीघर पलंगाच्या उजवीकडे, माझ्याकडे डावीकडे. रोज पहाटे उठून ते उजवीकडे जायचे आणि माझं कपाट ठोठावायचे, "कोण आहे आत? आटपा लवकर!" मी हसायचे, मग फरशी पुसायचे. उभा जन्म शिवणकाम केलेला माणूस, पडद्याची दुमड चाचपून विचारायचे, "ही शिवण माझी नाही. बाई, हे घर कुणाचं?" धाकट्या, पोटच्या लेकीला, मला 'बाई' म्हणायचे.

आमच्या नर्सरीत सावलीतलं रोप एकदम उन्हात ठेवत नाहीत. आज तासभर, उद्या दोन तास. जुनी पानं गळतात, मग त्या उजेडाला मानवतील अशी नवी फुटतात. तोवर कुंडी हलवायची नाही. गिऱ्हाइकं तक्रार घेऊन येतात तेव्हा मी त्यांना झापते, सारखी जागा बदललीत तर ते जीव धरणार कधी? आणि घरी येऊन नानांची बॅग भरायला घेते.

मागच्या महिन्यात एका पहाटे ते उठले, सरळ डावीकडे गेले, दिवा लावला, परत आले. मी दारात उभी. म्हणाले, "पोरी, तू कशाला उठलीस?" मला रडूसुद्धा आलं नाही, इतकी दमले होते. मनात पहिलं काय आलं सांगू? अजून एकच महिना, मग तुझी पाळी, मग मी दहापर्यंत झोपणार. लाज वाटली, पण आलं खरं. आपली पाळी सहा महिन्यांची. त्यातले पाच त्यांचे वाट शोधण्यात जातात. तुझ्याकडेही तेच झालं असणार.

म्हणून नानांचं तुझ्याकडे यायचं रविवारचं तिकीट मी काल रद्द केलं. नाना आता इथेच राहतील. तू कुठे कमी पडलास असं मुळीच नाही. पण मला एकटीला हे झेपणार नाही, तेही सांगून ठेवते. दर महिन्याला चार दिवस तू ये. सुरुवातीला ते तुला ओळखणार नाहीत, मनाला लावून घेऊ नकोस. आणि स्वयंपाक तूच करायचास. मी झोपणार आहे.

तुझीच दमलेली,
ताई