नायेलीला तुझ्याकडे पाठवतेय

मोन्तेरे

प्रिय आई,

आम्ही बरे आहोत. तुझा गुडघा कसा आहे?

नायेलीचा दमा पुन्हा बळावला होता. लेकीला काल इस्पितळातून घरी आणलं, आता जेवतेय. डॉक्टर म्हणाले, "औषध मी देईन, पण हवा कुठून देऊ?"

धूर थांबवा म्हणून आम्ही बायका कारखान्याच्या फाटकावर बसलो. तुझा जावई आत कामावर होता. साहेबाने त्याला बजावलं, "बायकोला घरी ने, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस." तो बाहेर आला, "सरक जरा," म्हणाला आणि माझ्याशेजारी बसला.

त्याची नोकरी गेली. धूर तसाच आहे.

शनिवारी तो नायेलीला घेऊन येतोय. ती माझ्यासाठी रडेल. रडू दे, पण इकडे परत पाठवू नकोस.

तुझीच,
मरिसोल