ठोंब्याला काय म्हणावं

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींच्या कानात यंत्र बसवल्याचं कळलं. (आता न ऐकल्याचं सोंग करावं लागत असेल, तेवढे त्यांचे कष्ट वाढले.) इकडे आम्ही खुशाल आहोत, तुझी भाची माझ्याशी बोलत नाही एवढं सोडलं तर.

त्याचं असं झालं, की परवा मी सहावीला संबोधन शिकवत होतो. ज्या नामाने आपण माणसाला हाक मारतो ते संबोधन, इतकं साधं. घरी कोण कोणाला कशी हाक मारतं ते सांगा म्हटलं, तर वर्गाला कंठ फुटला. एकीचे बाबा, घरात एकटी आई असतानाही, "कुठे गेले सगळे?" असं विचारतात. एकाचे आजोबा नातवाला बोलवायचं तर आधी तिन्ही मुलांची नावं घेतात, मग कुत्र्याचं, आणि मग त्याचं. मी आवरतं घेतलं आणि फळ्यावर लिहिलं, 'हाक अशी मारावी की माणसाचा मान राहील.' वळून पाहतो तर दारात आपले होणारे जावई, मी घरी विसरलेला डबा घेऊन. हे गृहस्थ आज दातांचे डॉक्टर असले, तरी एके काळी माझ्याच वर्गात शेवटच्या बाकावर बसत, आणि मी त्यांना एकाच नावाने ओळखत असे. हातात खडू असला की माझी जीभ माझी राहत नाही. म्हणालो, "ठोंब्या, आजही उशीर? बाहेर उभा राहा."

आणि तो राहिला गं. तास संपेपर्यंत, डबा छातीशी धरून. सुटल्यावर पोरं ओळीने त्याच्यासमोरून गेली आणि फळ्यावरचा नियम पाळून एकेकाने "नमस्कार, ठोंब्या सर" म्हटलं. त्यातल्या निम्म्यांचे दात त्याच्याच हवाली असल्याने नाव दवाखान्यातही पोचलं. तो हसला. लेक हसली नाही. तेव्हापासून तिने मला 'बाबा' म्हणणं बंद केलं आहे. चहा झाल्याचं ती कपाटाला सांगते. जन्मभर हाका मारायला शिकवल्या आणि आता घरात मलाच कोणी हाक मारत नाही. वाईट वाटतं ताई, खोटं कशाला सांगू?

त्याला नीट हाक माराल तेव्हा बोलेन, अशी तिची अट आहे. (कपाटामार्फत कळली.) पण म्हणू काय? 'जावईबापू' म्हटलं तर तो मागे वळून पाहतो, कोण आलंय म्हणून. 'डॉक्टर' म्हटलं की माझी दाढ ठणकते. 'अहो' म्हटलं तर तुझी वहिनी डोळे वटारते, कारण या घरात तो शब्द तिच्या मालकीचा. आणि नाव घ्यायला जावं, तर 'ठों'वर गाडी अडते.

असो. भाऊजींना नमस्कार, मोठ्याने.

तुझा,
धाकटा

ता. क. लग्नाच्या आठ दिवस आधीच ये. कामाला माणसं आहेत. तू फक्त माझ्यासमोर त्याला काहीतरी म्हण, मी तेच गिरवीन.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवणार तोच मागून "बाबा" ऐकू आलं. लेकच बोलली म्हणून वळलो. पाहतो तर तोच दारात उभा. "बाबा, पत्र पेटीत टाकून येऊ का?" उंबऱ्याबाहेरच उभा होता, सवयीने. माझ्या तोंडून निघून गेलं, "आधी आत ये, बाळा." लगेच आतून लेकीचा आवाज, "बाबा, बाळा मला म्हणायचं असतं." तेव्हा त्याचं मिटलं. येताना तिच्यासाठी एखादी हाक शोधून आण.