कळवून केलेल्या भेटी

चिंचवड, १९७८

प्रिय ताई,

हे पत्र पोस्टात न टाकता बांगड्या भरणाऱ्या छबूबाईंच्या हाती देते आहे. देहूला तुमच्या आळीत त्या येतातच. तुझ्या सासूबाईंसमोर देणार नाही, असं त्यांनी मला कबूल केलंय.

माझी नोकरी ठीक चालली आहे. सध्या नवंच काम दिलंय. आपली माणसं घेऊन दुसऱ्या कारखान्यांत जायचं, त्यांची पद्धत बघायची आणि आपल्याकडे काय आणता येईल ते ठरवायचं. आमच्याकडे पत्रा कापायच्या प्रेसवर बोटं जायचे अपघात फार होतात. भोसरीच्या एका कारखान्यात ते होतच नाहीत असं ऐकलं होतं. माझा स्वभाव तुला माहीत आहे. शाळेत घालायच्या आधी तूच मला घरी अक्षरं गिरवायला बसवायचीस आणि एक रेघ वाकडी गेली की मी सगळी पाटी पुसायची. अजून तशीच आहे. कोण येणार, काय विचारणार, सगळं त्यांना खूप आधीच कळवलं.

गेलो तर फाटकावर गुलाबाची फुलं. जमिनीवर तेलाचा थेंब नाही. आणि पाहुण्यांना बोलणं नीट ऐकू यावं म्हणून त्यांनी सगळे प्रेस बंद ठेवलेले! पोहे खाऊन परत निघालो. बसमध्ये आमचे फोरमन साहेबराव म्हणाले, "नीलिमाबाई, आपुन कारखाना बघाया गेलतो का पोरगी? पोरीला निदान चालून तरी दाखवाया लावत्यात, हितं तर मशीनबी हलंना." सगळे हसले. मीही हसले आणि मग खिडकीकडे तोंड फिरवलं, कारण मला तू आठवलीस.

पुन्हा परवानगी मागितली, पण या वेळी दिवस न ठरवता, चालू शिफ्टमध्ये येण्याची. तिथले साहेब घुटमळले, तरी हो म्हणाले. गेलो तेव्हा प्रेसवरच्या संरक्षक जाळ्या काढून भिंतीला टेकवलेल्या होत्या. काम लवकर उरकावं म्हणून. एका कामगाराच्या हाताला फडकं बांधलेलं होतं. आम्हाला पाहून त्याने तो हात पाठीमागे घेतला आणि हसला. ताई, ते हसणं मी ओळखलं.

आई, आबा आणि मी तुझ्याकडे येतो ते नेहमी आधी पत्र टाकून. निघताना तुझ्या सासूबाई दारात किती गोड बोलतात, "कळवून येत जा हो, म्हणजे नीट करता येतं." तुझ्या अंगावर घडी न मोडलेली साडी असते. गेल्या वैशाखात एवढ्या उकाड्यात मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं घातलं होतंस. मी पाणी प्यायला आत येत होते, तर तू स्वयंपाकघराच्या दारात आडवी उभी राहिलीस. परतताना आबा आईला म्हणाले, "मृदुलेने घर कसं लखलखीत ठेवलंय!" आई मात्र मागे वळून वळून तुझ्या दाराकडे बघत होती.

तुला तिथे मारतात ना गं? उत्तर लिहू नकोस. येत्या आठवड्यात मी एकटीच येते आहे, आणि जाताना तू माझ्याबरोबर यावंस म्हणून हे पत्र. आबांशी मी बोलेन. तुझ्या घरच्यांना कळवणार नाही, पण तुलाही न सांगता तुझ्या दारात उभं राहायला मन धजत नाही. फक्त एक ऐक. मी दिसले की साडी बदलायला आत जाऊ नकोस. काही म्हणजे काही आवरू नकोस.

तुझीच,
नीलू