कोरडा झालेला कान

ती. अक्का,

आज सकाळी जळगावच्या हॉस्पिटलातून फोन आला. तुमच्या कानाच्या ऑपरेशनला वर्ष झालं, म्हणून तिथल्या मुलीला चार प्रश्न विचारायचे होते. तुम्ही दोन महिन्यांपूर्वीच गेलात, हे मला सांगताच आलं नाही. मी कणीक मळत होते. ती विचारत गेली, मी उत्तरं देत गेले. ती उत्तरं डोक्यातून जात नाहीत, म्हणून लिहायला बसले.

कान वाहतो का? नाही. वास येतो का? नाही. चारचौघांत मिसळतात का? मिसळतात की!

तीस वर्षं कान वाहायचा, म्हणून सावद्यात कुणाकडे ज्वारीचे बिबडे वाळत घालायचे असले की तुम्ही लांब बसून कावळे हाकलायचात. कानात अत्तराचा बोळा, वरून पदर. या उन्हाळ्यात मात्र बायकांच्या मधोमध जाऊन बसलात. शेजारच्या काकूंना जवळ ओढून, कान दाखवत म्हणालात, "पाय, कोरडा ठक्क हाये! आता त वास नही ना येत?" सगळ्यांसमोर असं विचारायचं असतं का, अक्का? मला तेव्हा तुमची लाज वाटली होती. आता माझी वाटते.

शेवटी त्या मुलीनं विचारलं, कान दुखतो का? मी म्हणाले, हो, दुखतो.

कुठे दुखत होता हो तुमचा कान?

टाके निघाले, पट्टी सुटली, आणि आपली श्रेया उशी घेऊन तुमच्या खोलीकडे निघाली. आठ वर्षांची तुमची नात, पण तुमच्या कुशीत कधी झोपली नव्हती. मीच झोपू दिलं नव्हतं. याची लागण होत नाही, असं डॉक्टर दोनदा म्हणाले होते. मला पटलंही होतं, तरी मन धजत नव्हतं. मी तिला स्वयंपाकघरात ओढलं आणि म्हणाले, "आजीचा कान दुखतो, तिच्याजवळ नको झोपूस." आवाज काही फार खाली आणला नाही. तुम्हाला ऐकू येत नाही, याची इतक्या वर्षांची सवय!

पण आता तुम्हाला ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी श्रेया परत उशी घेऊन आली, तर तुम्हीच कानावर हात धरलात. "माहा कान दुखू राह्यला, बाई. तू तुह्या आईजवळ झोप."

का सांभाळून घेतलंत मला? भाजीत मीठ कमी पडलं तरी दोन दिवस बोलायचात, मग तेव्हा का नाही भांडलात?

मग तुमच्या छातीत कळ आली, भुसावळच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. मी रडले नाही. आल्यागेल्याला चहा दिला, भांडी घासली. अजूनही आत काही हलत नाही. परवा तुमच्या उशीचा अभ्रा धुतला, तोही घरच्या कपड्यांपासून वेगळाच.

काल श्रेया दप्तर भरता भरता म्हणाली, "मम्मी, आजीचा कान आता दुखत नसेल ना गं?" मी म्हणाले, नाही दुखत. आणि डबा भरत राहिले.

अक्का, ती पाच वाजता शाळेतून येईल. आज तिला सांगणार आहे. आजीचा कान दुखतच नव्हता, मी खोटं बोलले, आणि आजीला तू जवळ हवी होतीस. माझ्याशी बोलणं टाकेल ती. टाकू दे.

तुमची सून,
वर्षा