नाल्याच्या अलीकडे

१६ फेब्रुवारी २०२५, रविवार

जेसीबी मागे फिरला! माझ्या डोळ्यांदेखत वळला आणि कोरीट गावच्या रस्त्याला लागला.

सकाळी शेजारच्या मंगलाबाईंनी गच्चीवरून हाक मारली, "चेतना, ये वं लवकर! नाला बुजी ऱ्हायनात!" कणीक तशीच टाकून पळाले. बघते तर डंपर नाल्यात मुरूम ओततोय आणि जेसीबी तो दाबतोय. कॉलनीतल्या बाया जमल्या. सगळ्या मिळून जेसीबीच्या पुढ्यात उभ्या राहिलो. ड्रायव्हर बिचारा घाबरला. खाली उतरून मालकाला फोन लावत बसला.

नाल्यापलीकडचं शेत कुंदनशेठने घेतलंय, तिथे दुकानं आणि मंगल कार्यालय होणार, हे सगळ्यांना माहीत होतं. पण नाला पाइपात कोंबून वर गाड्यांसाठी जागा करणार, हे कोणी सांगितलं नव्हतं. मग पावसाळ्यात पाणी जाणार कुठे? आमच्याच घरात! नाला मोकळा असताना दोन वर्षांपूर्वी मंगलाबाईंच्या स्वयंपाकघरात मांडीइतकं पाणी होतं. त्यांचे यजमान दोधूअण्णा अंथरुणाला खिळलेले. त्यांना खाटेसकट उचलून टेबलावर ठेवलं होतं. त्या दिवशी मंगलाबाई रडल्या नव्हत्या. आज रडल्या.

दुपारी हरकतीचा अर्ज लिहिला, उद्या तहसीलला द्यायचा. खाली माझी सही. चेतना पाटील, अध्यक्ष, रेणुका कॉलनी रहिवासी मंडळ. अध्यक्षपद माझ्या गळ्यात पडलं तेव्हा वाटलं होतं, पथदिवे आणि कचरागाडी यापलीकडे काय असणार!

२० फेब्रुवारी

स्थगिती मिळाली. सुनावणी होईपर्यंत काम बंद. नवनीतभाईंनी पेढे वाटले. ते आमचे सचिव. बोलण्यात गोड, केळीच्या बागा आहेत, कॉलनीत सगळ्यांची कामं करतात. म्हणाले, "ताई, तुमच्यासारखा अध्यक्ष मिळायला नशीब लागतं."

ह्यांना पेढा दिला. "हं," म्हणाले आणि कढीपत्त्याला पाणी घालायला गेले. वीज कंपनीत उभी नोकरी खांबावर चढून केली, तिथेच बोलणं विसरून आले बहुतेक.

२ मार्च, रविवार

कुंदनशेठ स्वतः घरी आले. पांढरा शर्ट, हातात मिठाईचा डबा. माणूस वाईट वाटला नाही. ओट्यावर बसले, चहा घेतला. मग म्हणाले, "ताई, तुम्हाला पाण्याची भीती आहे ना? मी माझ्या खर्चाने तुमच्या काठाला भिंत बांधून देतो. सिमेंटची, पुरुषभर उंच. पावसाळ्याआधी. तुम्ही फक्त हरकत मागे घ्या."

नवनीतभाई आणि मंगलाबाईही होत्या. मंगलाबाईंनी पटकन माझा हात धरला.

खरं लिहायचं तर मलाही आनंद झाला. भिंत! दर पावसाळ्यात बाया आळीपाळीने नाला बघत बसतात, ते संपेल. विचार करून सांगते म्हणाले. पण मनात हो झालं होतं.

५ मार्च

सकाळी फिरताना नाला ओलांडून पलीकडे गेले. भिंत कुठून कुठवर येईल, ते तिकडून नीट दिसेल म्हणून.

दिसलं.

कुंदनशेठचं शेत मुरमाने उंच केलंय. आमच्या काठाला भिंत झाली की पाण्याला एकच वाट उरते. शेताच्या खालच्या अंगाला, उताराला, जिथे जामसिंगची वस्ती आहे. कुडाची घरं, वर कौलं, काहींवर पत्रे. सातपुड्यातल्या मोलगीकडून मजुरीसाठी खाली उतरलेली माणसं. मिरची वाळवायच्या पथारीवर बाया कामाला जातात, पुरुष मिळेल ते करतात. कॉलनी झाली त्याच्या आधीपासून ते तिथे आहेत. आमच्या घरांचा पायाही त्यांनीच खोदला.

होळीची लाकडं रचून ठेवलेली. जामसिंगची बायको दिवलीबाई दारात तांदूळ निवडत होती. मी मोलगीच्या दवाखान्यात नर्स होते त्या वर्षांत तिची बोली शिकले होते. मोडकंतोडकं बोलले. ती तोंडाला पदर लावून हसली. खाट टाकली, पाणी दिलं.

जामसिंगला भिंतीचं सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. नाल्याकडे बघितलं, मग मागे घरांकडे. एवढंच विचारलं, "बाई, इकडे पण बांधतील का?"

कुंदनशेठला विचारते म्हणाले.

६ मार्च

ह्यांना सगळं सांगितलं. "हं." एवढंच! कधीकधी वाटतं, खांबाशी बोलावं.

९ मार्च, रविवार

कुंदनशेठला गाठलं. म्हटलं, दोन्ही काठांना भिंत बांधा. नाहीतर मुरूम काढा, नाला खोल करा, दोन्ही बाजू वाचतील.

हसले. रागाने नाही, लहान मुलाच्या बोलण्यावर हसतात तसे. "ताई, त्यांच्या नावावर जागा तरी आहे का? उद्या कोणी उठवलं तर? मी भिंत कोणासाठी बांधू? आणि नाला खोल केला तर माझ्या दुकानांपुढे गाड्या कुठे लागतील?"

"माणसं आहेत तिथे," मी म्हटलं.

"तुम्ही कॉलनीच्या अध्यक्ष आहात ना? की वस्तीच्या?"

घरी आले तरी तेच वाक्य डोक्यात घुमत होतं.

१३ मार्च

पलीकडे होळी पेटली. ढोल ऐकू येतोय. दरवर्षी कॉलनीतून कोणीतरी आवाजाची कुरकुर करतं. आज कोणी काही बोललं नाही. सगळे कशाची तरी वाट बघत असल्यासारखे.

१६ मार्च, रविवार

मंडळाची सभा. गणपतीच्या मंडपाच्या जागेत सतरंज्या घातल्या होत्या. मी सगळं मांडलं. आपल्याकडे भिंत झाली की पाणी वस्तीत शिरणार. हरकत मागे घेऊ नये, नाला मोकळा करून मागावा.

आधी कुजबुज, मग बोलणं. "वस्तीचं बघायला सरकार आहे." "फुकट भिंत मिळतेय, ती पण नको?" "ताईंना दवाखान्याची सवय, सगळ्यांचीच सेवा करायची!" हसले काही जण.

नवनीतभाई शांतपणे म्हणाले, "ताई, त्यांचं वाईट व्हावं असं इथे कोणालाच वाटत नाही. पण आपण आपल्या कॉलनीचं मंडळ आहोत. आपलं काम आपली घरं सांभाळणं. त्यांच्यासाठी वेगळा अर्ज करू की. मी स्वतः येईन."

सगळ्यांना पटलं. ऐकायला बरोबरच वाटतं! मला फक्त एवढंच सुचलं, "अर्ज होईपर्यंत पाऊस थांबेल का?"

मग मंगलाबाई उठल्या. माझ्याकडे बघत होत्या, बाकी कोणाकडे नाही. "चेतना, मन्हा माणूस खाटलावर शे. पानी उनं ते त्याले मी एकली कथा लई जाऊ? माले भित जोयजे. दुसरासनं मी काय करू?"

खाटेवरच्या नवऱ्याला त्या एकट्या कुठे नेणार? भिंत त्यांना हवीच. त्यांचं एक अक्षर खोटं नाही. दोधूअण्णांना टेबलावर उचलताना खाटेचा एक पाय मीच धरला होता.

हात वर झाले. जवळजवळ सगळे. ह्यांचा हात मांडीवरच होता, वर नाही आणि विरोधात नाही. मी सांगितलं, सही करणार नाही. हरकत अध्यक्षाच्या नावाने आहे, मागेही अध्यक्षालाच घ्यावी लागते. नवनीतभाई म्हणाले, "मग ताई, अध्यक्ष बदलावा लागेल."

१७ मार्च

मंगलाबाईंकडे पापड लाटायचे ठरले होते. लाटणं घेऊन गेले. दार उघडलं, म्हणाल्या, "झाले पापड." आतून लाटण्यांचे आवाज येत होते.

२३ मार्च, रविवार

आज मला काढलं.

वाईट शब्द कोणी वापरला नाही. नारळ दिला, शाल दिली. नवनीतभाईंनी माझ्या कामाचं कौतुक केलं. पथदिवे, कचरागाडी. मग विचारलं, नवा अध्यक्ष कोण? सगळ्यांच्या नजरा त्यांच्याकडेच. त्यांनी टोपी नीट केली.

तेवढ्यात मागून आवाज आला, "मी व्हस."

हे! सतरंजीवरून उठून उभे, अध्यक्ष होतो म्हणून. सभेत कधी तोंड न उघडलेला माणूस!

नवनीतभाईंनीच टाळी वाजवली. त्यांना बरंच झालं. माझ्याच घरातून माणूस मिळाला, आता कोण म्हणणार की चेतनाताईवर अन्याय झाला! "गिरधरभाऊ, वा! घरातलं घरात राहिलं."

माझ्या खांद्यावरची शाल मी तिथेच ठेवून आले.

घरी आल्यावर विचारलं, "का?" हे चपला काढत होते. म्हणाले, "कोनी तरी व्हवाले जोयजे." बस.

लग्नाला इतकी वर्षं झाली. भांडणं झाली, रुसवे झाले. पण असं परकं कधीच वाटलं नव्हतं.

२६ मार्च

त्यांचं ताट वाढून ठेवते. मी नंतर जेवते. घरात चमच्याचा आवाज मोठा वाटतो.

२८ मार्च

कुंदनशेठची गाडी दारात. नवनीतभाई, कुंदनशेठ, हे. ओट्यावर भिंतीचा नकाशा पसरलेला. कुंदनशेठ काही म्हणाले आणि हे हसले. चक्क हसले! चहा त्यांनीच केला. मी आतल्या खोलीत पडून होते. वाटलं, ज्या माणसाचं शर्टाचं माप मला पाठ आहे, तो माणूसच मला माहीत नाही.

३० मार्च, गुढीपाडवा

गुढी उभारली. हात जोडले. काय मागावं ते सुचलं नाही.

मंगलाबाई आल्या. साखरगाठीची माळ हातात देऊन म्हणाल्या, "मन्हा राग नही शे तुन्हावर." मी म्हटलं, माझाही नाही. खरंच नाही. दोघी उंबऱ्यात उभ्या राहिलो. त्या आत आल्या नाहीत, मीही ये म्हटलं नाही.

दुपारी फाटकाशी जामसिंग. डोक्याचा रुमाल हातात. "बाई, काय झालं?" मी सांगितलं, आता माझ्या हातात काही नाही, साहेब अध्यक्ष आहेत. तो ह्यांच्याकडे वळला. हे कढीपत्त्यापाशीच उभे होते. त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "सुनावणीला ये. गुरुवारी, तहसीलमध्ये. बायामाणसं पण आण."

मनात आलं, हरकत मागे घेताना स्वतःच्या डोळ्यांनी बघायला बोलावतात? किती निर्दय व्हावं माणसाने!

जामसिंग मान हलवून गेला. मी दिवसभर ह्यांच्याकडे बघू शकले नाही.

२ एप्रिल

उद्या सुनावणी. नवनीतभाई सांगून गेले, "हरकत मागे घेतल्याचा कागद तयार आहे, गिरधरभाऊ फक्त सही करतील. सोमवारी भिंतीचा पाया." घरोघरी आनंद. मंगलाबाईंच्या घरातून शिऱ्याचा वास आला.

मी उद्या जाणार नाही. ह्यांना सांगितलं. "हं," म्हणाले.

३ एप्रिल, गुरुवार

ह्यांनी सही केली नाही.

आधी नवनीतभाई आले, घामाघूम. फाटकातूनच ओरडले, "ताई, तुमच्या नवऱ्याने गळा कापला आमचा!" तहसीलदारांनी विचारलं, हरकत मागे घेताय का? हे उभे राहिले आणि म्हणाले, कॉलनीचा अध्यक्ष म्हणून सांगतो, हरकत कायम आहे. आणि मागे उभ्या असलेल्या वस्तीकडे हात करून म्हणाले, ही पण माणसं नाल्याच्या काठचीच, यांचंही ऐका. जामसिंग बोलला. दिवलीबाईही बोलली! हुकूम झाला. पावसाळ्याआधी मुरूम काढायचा, नाला होता तसा मोकळा.

हे बऱ्याच वेळाने आले. चालत. बरोबर कोणी नव्हतं. कॉलनीत शिरताना एकेक दार बंद होत गेलं. मंगलाबाईंचंही.

मी विचारलं, "मग अध्यक्ष कशाला झालात?"

"नवनीत व्हता ते सही करी देता."

"म्हणजे नवनीतभाई अध्यक्ष होऊ नयेत म्हणून! आणि मला का नाही सांगितलं? इतके दिवस!"

"तुले सांगं ऱ्हातं ते तुन्हा तोंडवर दिखी जातं." खरंच, माझ्या चेहऱ्यावर लगेच दिसलं असतं.

पुढच्या रविवारी ह्यांनाही काढतील. शाल-नारळाशिवाय. कॉलनीत आता आमच्याशी कोणी बोलणार नाही. आम्ही दोघं एकाच वेळी जेवायला बसलो आणि खूप बोललो.