डॉक्टरांची बाटली

तांडा, ता. सेनगाव
१२ डिसेंबर २००१

ती. मिनाताईंना शिलावहिनीचा नमस्कार. जय सेवालाल. वि. वि.

आधी वाईट सांगते. तुमच्या दादांनी पॉलिशचं स्पिरिट प्यायलं. आम्ही बायांनी मतदान करून दारूचं दुकान बंद केलं, तेव्हापासून तो डबा घरात दिसत होता. तो कमी होतोय हे दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी म्हणाले, जिनिंगमध्ये उभं राहिल्यागत डोळ्यांपुढं कापूस उडून राहिला. मग धाप लागली. जीपनं हिंगोलीला नेलं. डॉक्टरांनी तपासून बापूंना ब्रँडीची बाटली आणायला सांगितली. बापू मला हळूच म्हणाले, मोठा माणूस हाय, नुसत्या फीवर भागत न्हाई त्याचं. बाटली पेपरात गुंडाळून त्यांनी डॉक्टरांच्या टेबलाखाली ठेवली, हात जोडले आणि बाहेर येऊन बसले. आत डॉक्टर बाटलीची वाट बघत होते. शेवटी ती नर्सच्या पायाला लागली. मग पाणी घालून, मोजून ह्यांच्या नाकातल्या नळीतून सोडली. बापू दारातून बघत होते. म्हणाले, "ह्याच्याच पायी तर आणलंय पोराला."

ताई, तुम्ही नर्स आहात. दारूपायी आडव्या पडलेल्याला दारूच काहून? आणि नजर परत येईल का?

लोभ आहेच, तो पत्रातूनही दिसू द्या.
शिला

औरंगाबाद
१८ डिसेंबर

ती. सौ. शिलावहिनीस मिनाचा सा. न. वि. वि.

स्पिरिट आहे तसं राहिलं तर एवढा घात करत नाही. यकृत ते फोडतं, आणि त्यातून होणारं आम्ल डोळ्यांच्या नसा जाळतं. पण यकृताला दारू मिळाली की ते आधी तीच फोडत बसतं. तोवर स्पिरिट तसंच थांबतं आणि मशीनवर रक्त धुऊन काढता येतं. हे दवाखान्यातच, मोजून करायचं. घरी कोणी करू नये, बायांना सांगा.

दुकान बंद केलं म्हणून जिवाला लावून घेऊ नका. बापूंना म्हणावं, डॉक्टरला दिलेली लाच पेशंटनं प्यायली, हे मी पहिल्यांदाच ऐकलं. जळून गेलेली नस मात्र कशानं परत येत नाही. दादाला चार ओळी लिहायला लावा. अक्षरावरून अंदाज येईल.

तुम्हीही जेवत जा.
मिना

तांडा
४ जानेवारी २००२

मिनाताईंना स. न.

हिंगोलीहून लगेच नांदेडला नेऊन मशीनवर रक्त धुतलं. परवा घरी आणलं. तुमचं पत्र सगळ्यांसमोर वाचलं. रूपसिंगकाका म्हणाले, मग दुकानावर औषधाची पाटी लावू. बाया हसल्या, पण दुकान बंदच आहे.

हे आता बरंच बघतात. लिहायला सांगितलंय.

येत जा कधी.
शिला

तांडा
९ जानेवारी

चि. मिनास ओमप्रकाशचा आशीर्वाद.

ओळी एकमेकींवर चढल्या असतील. पट्टी ठेवून लिहितो आहे.

शिला रोज सकाळी उजेडात उभी राहते, काय दिसतं विचारते. मी सांगतो, नाकातली फुली. मग ती कामाला लागते. मिना, फुली दिसत नाही. कुठं असते ते ठाऊक आहे.

तुझं पत्र वाचताना ती एका जागी थांबली. मग बापूंच्या लाचेचं पुन्हा वाचलं. त्या जागी काय होतं ते विचारत नाही. हे पत्र बापू पेटीत टाकतील. उत्तरात फुलीचं सोडून बाकीचं काहीही लिही. पत्र मला तीच वाचून दाखवते.

तुझा दादा